बाँडवरची सोडचिठ्ठी आणि कोर्टाचा हुकूमनामा

खानापूर तालुक्यातल्या एका भावाने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. बहिणीचं लग्न २०१९ मध्ये चंदगड तालुक्यात, मामाच्या गावी झालं. नवरा बेळगावचा, वडगावात यंत्रमागावर काम करणारा. त्याचं हे दुसरं लग्न, हे सगळ्यांना ठाऊक होतं; "पहिलीशी कोर्टातून काडीमोड झालाय" असं बैठकीत सांगितलं गेलं आणि कुणी कागद मागितला नाही. २०२४ च्या सुरुवातीपासून बहीण चार वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी आहे. आता दोघांनाही मोकळं व्हायचंय. मध्यंतरी सासरच्यांनी तो 'कोर्टाचा कागद' व्हॉट्सॲपवर पाठवला, तर तो निघाला शंभर रुपयांच्या बाँडवर नोटरीसमोर केलेला. म्हणून भाऊ विचारतोय: पहिला घटस्फोट खरंच कोर्टात झालाय का, हे कुठे शोधायचं? आणि बहिणीचा घटस्फोटाचा अर्ज बेळगावात करायचा की कोल्हापूरकडे?

भाऊ, पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नका. कारण घटस्फोट मागायचा की दुसरंच काही, हे त्या पहिल्या कागदावर ठरणार आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात लग्नाची पहिली अट अशी की लग्नाच्या वेळी दोघांपैकी कुणाचाही आधीचा जोडीदार हयात नसावा. पहिलं लग्न कायद्याने मोडलेलं नसेल आणि ती बाई २०१९ मध्ये हयात असेल, तर तुमच्या बहिणीचं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं. मग कलम १३ खाली घटस्फोट मागण्यात अर्थ नाही. कलम ११ खाली 'हे लग्न शून्य होतं' असं जाहीर करून मागायचं. उलट पहिला घटस्फोट कोर्टातून झाला असेल, तर बहिणीचं लग्न पक्कं आहे आणि परस्पर संमतीचा सरळ रस्ता मोकळा आहे.

आता तो बाँड. आमच्या सीमाभागात असा कागद नसलेलं गाव शोधावं लागेल. पंच बसतात, दोन्हीकडचे पाव्हणे येतात, भांडी-दागिने परत होतात, "यापुढे एकमेकांवर हक्क नाही" असं लिहून अंगठे-सह्या होतात आणि नोटरी लाल शिक्का मारतो. लोक मग तो लॅमिनेट करून ट्रंकेत ठेवतात. नोटरीने फक्त सह्या कुणाच्या, एवढंच पाहिलेलं असतं. लग्न मोडण्याचा अधिकार त्याला नाही, तहसीलदाराला नाही, पंचांनाही नाही. अपवाद एकच: कलम २९ च्या पोटकलम २ मध्ये रूढीने होणारा घटस्फोट कायद्याने राखून ठेवलाय. पण 'आमच्यात अशी पद्धत आहे' असं नुसतं म्हणून भागत नाही. २००२ मध्ये यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की अशी रूढी अर्जात नेमकी मांडावी लागते आणि पुराव्याने सिद्ध करावी लागते. ते ओझं रूढीचा आधार घेणाऱ्यावर, म्हणजे इथे नवऱ्यावर आहे.

तुम्ही लिहिलंय की रागाच्या भरात तो फोटो डिलीट करणार होतात. करू नका. त्या कागदात पहिल्या लग्नाची तारीख, गाव, पहिल्या बायकोचं माहेरचं नाव आणि नवऱ्याची सही असणार. लग्न रद्दबातल ठरवून मागताना सगळ्यात अवघड काम असतं ते पहिलं लग्न खरोखर रीतसर लागलं होतं हे दाखवणं, आणि ते तुमच्या बहिणीला दाखवावं लागेल. नवऱ्याने स्वतः सही करून ते कबूल केलेला कागद तुमच्या हातात आयता आलाय. तो चॅट तसाच ठेवा, फोन बदलू नका, आणि ज्या नंबरवरून आला तो नंबर, तारीख, वेळ वहीत टिपून ठेवा.

शोधाशोधीकडे वळू. आपल्याकडे जन्म-मृत्यूसारखं घटस्फोटाचं रजिस्टर नसतं. लग्नाची नोंद उपनोंदणी कार्यालयात होते, पण घटस्फोटाची तिथे होत नाही. घटस्फोट असतो तो फक्त त्या कोर्टाच्या दप्तरात, निकाल आणि हुकूमनाम्याच्या (डिक्रीच्या) रूपात. त्यामुळे 'घटस्फोटाचा दाखला कुठे मिळतो' या प्रश्नाला उत्तर एकच: ज्या कोर्टाने दिला त्या कोर्टाच्या नकल विभागात, म्हणजे कागदांच्या प्रमाणित प्रती जिथे मिळतात तिथे. मग कोर्ट कुठलं असू शकतं, ते आधी ठरवावं लागतं.

त्यासाठी पहिल्या लग्नाचा भूगोल मांडा. अर्ज कुठे चालतो हे कलम १९ सांगतं: लग्न जिथे लागलं तिथे, जाबदार (म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो) जिथे राहतो तिथे, दोघं शेवटचं एकत्र जिथे राहिले तिथे, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर बायको अर्जदार असेल तर ती राहते तिथेही. म्हणजे पहिली बायको मिरजेकडची असली आणि तिने अर्ज केला असला, तर प्रकरण सांगली जिल्ह्यात सापडेल, बेळगावात नाही. जुन्या प्रकरणांत आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. निपाणी आणि कागवाड हे तालुके अलीकडचे. आधी ते चिकोडी आणि अथणीत होते, त्यामुळे जुनं प्रकरण तिथल्या दप्तरात निघू शकतं. (चंदगड तर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. आजोबा-पणजोबांच्या वारसाची भांडणं घेऊन येणाऱ्यांना मला हे दर वेळी सांगावं लागतं.)

ई-कोर्ट्सच्या, म्हणजे कोर्टांतल्या प्रकरणांची माहिती देणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतं. राज्य, जिल्हा, कोर्ट संकुल निवडायचं, पक्षकाराच्या नावाचा रकाना घ्यायचा, वर्ष टाकायचं. तिथे 'प्रलंबित' आणि 'निकाली' असे पर्याय असतात. निम्मे लोक प्रलंबितमध्येच शोधतात आणि 'काही नाही' म्हणून परत येतात. तुम्हाला निकाली हवंय. संशयाच्या वर्षाच्या मागे-पुढे दोन-तीन वर्षं टाकून पाहा, कारण वर्ष दाखल केल्याचं असतं, निकालाचं नाही.

खरा घोळ स्पेलिंगचा. सात-आठ वर्षांपूर्वी मी एका पक्षकाराला छातीठोकपणे सांगितलं की तुमच्या जावयाचा कुठलाही घटस्फोट बेळगाव जिल्ह्यात नाही. लक्ष्मी हे नाव मी आपल्या सवयीने 'एक्स' घालून टाईप केलं होतं. आठवड्याने समोरच्या वकिलाने हुकूमनामा टेबलावर ठेवला. कन्नड वळणाने नोंद करणाऱ्या कारकुनाने तेच नाव 'के-एस-एच' घालून लिहिलं होतं. तेव्हापासून मी पूर्ण नाव कधीच टाकत नाही. पहिली तीन-चार अक्षरं टाकतो आणि यादी डोळ्याखालून घालतो. गावडे, गवाडे, गौडे, ज्योती, जोती, पाटील तर विचारूच नका. नवऱ्याच्या नावाने, बायकोच्या माहेरच्या नावाने, सासरच्या नावाने, असं तिन्ही बाजूंनी शोधा.

कर्नाटकात वैवाहिक प्रकरणाला 'एम.सी.' क्रमांक असतो. महाराष्ट्रात कौटुंबिक न्यायालयात 'ए' याचिका आणि संमतीची असेल तर 'एफ', आणि जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे 'एच.एम.पी.' (हिंदू विवाह याचिका) दिसेल. सापडलं की त्या प्रकरणाचा सोळा अक्षरा-अंकांचा सी.एन.आर. क्रमांक लिहून घ्या. पुढे सगळीकडे तोच चालतो. निकालपत्र डाउनलोड होईलच असं नाही. ही प्रकरणं बंद दाराआड चालतात, त्यामुळे आदेश बऱ्याचदा उघड ठेवलेले नसतात. प्रकरण कधी दाखल झालं, कधी आणि कसं निकाली निघालं, एवढं कळलं तरी पुरे. 'कसं' हे नीट वाचा. "निकाली" म्हणजे घटस्फोट झाला असं नाही. अर्ज मागे घेतला, तारखांना कुणी आलं नाही म्हणून काढून टाकला, तरी प्रकरण निकालीच दिसतं. असे कितीतरी 'कोर्टात झालेले' काडीमोड मी पाहिलेत.

संगणकावर नाही म्हणजे प्रकरण नाहीच, असंही समजू नका. जुनी प्रकरणं कोर्टाच्या नोंदवहीतच असतात. तिथे वकिलामार्फत शोध घ्यावा लागतो, नावं आणि अंदाजे वर्ष द्यावं लागतं.

प्रमाणित नकलेबद्दल. पक्षकार स्वतः अर्ज, कोर्ट फी स्टँप आणि नकलेचा खर्च भरून सहज मिळवू शकतो. तुमची बहीण त्या पहिल्या प्रकरणात तिऱ्हाईत आहे. तिला अर्जासोबत प्रतिज्ञापत्र जोडून कारण सांगावं लागेल: 'मी या इसमाशी २०१९ मध्ये लग्न केलं, माझ्या लग्नाची कायदेशीर स्थिती या निकालावर अवलंबून आहे.' सोबत लग्नपत्रिका, फोटो, मुलीचा जन्मदाखला. वैवाहिक प्रकरण म्हणून हात आखडता घेतला, तरी बहिणीचा स्वतःचा दावा उभा राहिल्यावर त्यातूनच ते दप्तर मागवून घेता येतं. माहितीच्या अधिकारात टाकू का, असं हमखास विचारतात. टाकू नका. न्यायालयीन कागदांच्या नकला कोर्टाच्या नियमांनीच घ्यायच्या, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सांगून टाकलंय.

खरी नक्कल ओळखायची कशी? वर कोर्टाचं नाव आणि प्रकरण क्रमांक, दोघांची नावं-पत्ते, न्यायाधीशांचं पद आणि सही, कोर्टाचा गोल शिक्का. शेवटच्या पानावर नकलेसाठी अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, या तारखा. तो तारखांचा ठसा पहिल्यांदा बघायची माझी सवय आहे, कारण बनावट कागद करणारे शिक्का करतात आणि तो ठसा विसरतात.

आणि एक साधा रस्ता, जो वकील क्वचित सांगतात: पहिल्या बायकोलाच विचारा. तिच्या माहेरचं गाव बाँडवर आहे. फोनवर भावांनी अंगावर जाऊ नये. घरातली एखादी मोठी बाई, आत्या-मावशी, जाऊन बोलली तर बरं. तिलाही कधी समन्स आलं होतं का, ती कोर्टाची पायरी चढली होती का, एवढंच विचारायचं. माझ्याकडच्या अशा प्रकरणांत बरेचदा पहिलीला कोर्टाचं काहीच ठाऊक नसतं, आणि ती साक्ष द्यायला तयार असते. ती हयात आहे की नाही, हेही त्यात कळतं. २०१९ च्या आधी ती वारली असेल, तर अख्खं गणित उलटतं आणि बहिणीचं लग्न वैध ठरतं.

आता अर्ज कुठला आणि कुठे.

पहिला हुकूमनामा खरा निघाला, तर कलम १३ब. वर्षभर वेगळं राहणं हवं, ते झालंय. दोघांचा एकत्र अर्ज, मग किमान सहा महिन्यांनी दुसरा जबाब. ही सहा महिन्यांची वाट माफ होऊ शकते, असं २०१७ मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. अटी अशा: वेगळं राहून दीड वर्ष उलटलेलं असावं, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत, पोटगी, मूल, दागिने यांचा निकाल लागलेला असावा. तुमच्याकडे दीड वर्ष कधीच उलटलंय. पण हे मागणं न्यायाधीशांच्या मर्जीवर आहे, हक्क नाही. आणि हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून पैशाचा शेवटचा हप्ता दुसऱ्या जबाबाच्या दिवशी कोर्टासमोर, असंच तडजोडीत लिहून घ्या.

हुकूमनामा नसेल, तर कलम ११. इथे सासरकडून एक धमकी ठरलेली असते: "लग्नच नाही तर पोटगी कसली?" ती खोटी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुखदेव सिंग विरुद्ध सुखबीर कौर या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लग्न शून्य ठरलं तरी कलम २५ ची कायम पोटगी आणि कलम २४ ची अंतरिम पोटगी देता येते. किती, आणि द्यायची का, हे परिस्थितीवर आणि पक्षकारांच्या वागण्यावर ठरतं. बैठकीत 'कोर्टातून झालंय' असं कुणी कुणासमोर सांगितलं, त्या साक्षीदारांची नावं त्यासाठीच लिहून ठेवा. मुलीवर तर कसलाच डाग नाही. कलम १६ ने ती औरसच आहे. २०२३ च्या रेवणसिद्दप्पा निकालाने अशा मुलांना वडिलांच्या एकत्र कुटुंबातल्या वाट्यातही हक्क मिळालाय.

शोधूनही खात्री झाली नाही तर? तर अर्जात दोन्ही मागण्या ठेवतो: मुख्य मागणी लग्न शून्य ठरवण्याची, आणि ते सिद्ध न झाल्यास क्रूरता किंवा दोन वर्षांच्या त्यागाच्या कारणावर घटस्फोट. संमतीच्या अर्जात मात्र असं दुहेरी चालत नाही. म्हणून मी म्हणतो, घाईने १३ब वर सही नको. एकदा 'आमचं लग्न कायदेशीर आहे' असं शपथेवर लिहिलं की नंतर उलटं बोलणं जड जातं.

ठिकाण. बहिणीला तीन दारं उघडी आहेत. नवरा वडगावचा आणि शेवटचं एकत्र राहणंही तिथलंच, म्हणून बेळगावचं कौटुंबिक न्यायालय. ती स्वतः राहते म्हणून खानापूरकडचं कोर्ट. कौटुंबिक न्यायालयाची हद्द जिथे नाही, तिथे आपल्याकडे वरिष्ठ दिवाणी न्यायाधीश हे अर्ज चालवतात. आणि लग्न चंदगडला लागलं म्हणून कोल्हापूर जिल्हा. तुम्ही लिहिलंय, "तिकडे मराठीत चालेल." समजतं मला. पण माझं मत खानापूर-बेळगावच्या बाजूने आहे. तारीख म्हणजे एक दिवसाची मजुरी, लहान मुलगी, एस.टी.चे हाल. त्यात जाबदार दुसऱ्या राज्यात असला की समन्स बजावून परत यायलाच दोन-तीन तारखा जातात. शिवाय नवऱ्याने प्रकरण बेळगावला हलवून मागायचं ठरवलं, तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बदली फक्त सर्वोच्च न्यायालय करतं, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली. बायकोच्या सोयीला तिथे वजन देतात हे खरं, पण दिल्लीचा खर्च तुमच्या दारात येतो. अपिलाचंही बघा: इकडचं उच्च न्यायालयातलं अपील धारवाड खंडपीठात, तिकडचं ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचवर. दोन्ही आवाक्यात आहेत, त्यामुळे त्यावरून निर्णय करू नका.

कन्नडची भीती तेवढी बाळगू नका. अर्ज इंग्रजीत करता येतो. मराठी कागदांना भाषांतर जोडावं लागतं; लग्नपत्रिकेचं सुद्धा. बहीण मराठीत जबाब देऊ शकते. फक्त एक पथ्य कटाक्षाने पाळा: प्रतिज्ञापत्रावर सही करण्याआधी वकिलाने ते ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवलं पाहिजे. उलटतपासणीत "हे तुम्हीच लिहिलंय ना?" म्हणून विचारतात, आणि बाई गोंधळते ती तिथेच.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे जा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. आणि मुख्य निकालाची वाट न बघता मुलीच्या पोटगीचा अर्ज आत्ताच करा, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली. लग्न वैध असो वा नसो, त्याचा मुलीच्या पोटगीवर परिणाम होत नाही.

नवऱ्यावर द्विभार्या प्रतिबंधाची फौजदारी टाकू का, असंही शेवटी विचारलंय. २०१९ ची घटना म्हणून जुन्या दंडसंहितेचं कलम ४९४ लागू पडेल. पण ते आत्ता बाहेर काढू नका. पहिल्या बायकोचं म्हणणं आणि नकलेच्या अर्जाचं उत्तर हातात येऊ द्या. वकिलाकडे पहिल्यांदा जाताना बहिणीला सोबत घेऊन जा, आणि तो बाँडचा फोटो मोठा करून छापून न्या. फोटोत दुसऱ्या पानाची कड कापली गेलीय असं तुम्ही लिहिलंय. साक्षीदारांच्या सह्या तिथेच असणार, तेवढं पान पुन्हा मागवून घ्या.